ल्युपस आणि पोटाची कळ

ल्युपस म्हटला, की गालांवरचे लाल चट्टे आणि सांधेदुखी आठवते. परंतु शरीराच्या संरक्षक शक्तीनेच स्वकीयांवर शस्त्र उगारण्याचा हा विकार क्वचित पोटातही उतरतो. आतड्यांच्या रक्तवाहिन्यांना दाह झाला, म्हणजे रक्तपुरवठा खुंटून आतड्याची भिंत सुजते. प्रसंगी तिला छिद्रही पडते. कधी आतड्यांची हालचालच थंडावते. पोट फुगते, उलट्या होतात. मात्र शस्त्रक्रिया करून पाहावे, तर अडथळा कोठेच नसतो! अशा दाहावर स्टेरॉइड बहुधा गुणकारी ठरते. पण छिद्र पडल्याची लक्षणे तेच औषध झाकूनही टाकते. म्हणून ल्युपसच्या रुग्णाने तीव्र पोटदुखी ओवा-सोड्यावर निभावून नेऊ नये. तत्काळ रुग्णालय गाठावे आणि आपला विकार व चालू औषधे प्रथम सांगावीत.