सहरीला बटाट्यावर अंडी

सहरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं खाणं. आमच्या घरी ते सगळ्यात शेवटी खायची अम्मी. सगळ्यांचे पराठे लाटता लाटता वेळ संपायचा. फजरच्या अजानआधी जेमतेम चहाचे दोन घोट, आणि त्यावर दिवसभराचा रोजा. आम्हाला ते कधी खटकलंही नाही.

आता सहरी मी करतो, आणि झटपट होईल अशीच करतो. पारशी घरांत 'पापेटा पर ईडू' करतात, म्हणजे बटाट्यावर अंडी. त्याच वळणाचं. तरावीहची नमाज पढून आलो की चार बटाटे उकडून ठेवतो. पहाटे तेलात जिरं, कांदा, हिरवी मिरची, हळद, मग बटाट्याच्या जाड चकत्या. डावानं खळगे करून सहा अंडी फोडायची, कडेनं चमचाभर पाणी, झाकण, मंद आच. पाचेक मिनिटांत अंडी घट्ट होतात. मीठ बेतानंच, नाहीतर दुपारी घसा सुकतो. कोथिंबीर हवीच, असा लेकीचा हट्ट.

पाव आदल्या संध्याकाळचा. कढई मधोमध ठेवून सगळे एकदमच बसतो. अम्मी अजूनही सवयीनं ओट्याकडे निघते. तिला हाताला धरून बसवावं लागतं.