चाकातील धारवा अकाली का झिजतो?

लखनौच्या इंदिरा नगराजवळून अयोध्येकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मालवाहू पिकअप गाड्यांची वर्दळ असते. अशा गाडीच्या पुढील चाकाचा भार बेअरिंग, म्हणजेच धारवा, पेलतो. निमुळत्या रुळांच्या धारव्याचे एकस्व हेन्री टिमकेन यांना १८९८ साली मिळाले. वळणावरील आडवा रेटाही हे पोलादी रूळ सोसतात. मात्र भार दुप्पट झाला, की रूळ धारव्याचे आयुष्य सुमारे एक दशांश उरते. रुंद टायरांसाठी चाक बाहेर सरकविल्यास तरफेच्या नियमाने ताण वाढतो. साचलेल्या पाण्यातून जाताना चिखल आत शिरल्यास वंगण निकामी होते, पोलादाचे कपचे सुटतात व घरघर ऐकू येते. ती ऐकताच धारवा बदलावा. अन्यथा चाक डगमगून, प्रसंगी निखळूनही, अपघात ओढवतो.