पाण्याला क्लोरीनचा वास येतोय? काळजी वासाची नाही, वेगळ्याच गोष्टीची करा

मीरा-भाईंदर : नळाच्या पाण्याला वास आला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरतो, 'आज औषध जास्त टाकलंय, पिऊ नका.' प्रत्यक्षात हलका वास म्हणजे नळापर्यंत क्लोरीन टिकला आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवाच.

मग अडचण कुठे आहे? पाण्यात कुजलेला पालापाचोळा, शेवाळ, सांडपाण्याचे अंश असतील तर क्लोरीनची त्यांच्याशी रासायनिक क्रिया होते आणि ट्रायहॅलोमिथेन गटातली रसायने तयार होतात. क्लोरोफॉर्म त्यातलेच. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाण्यात योहानेस रूक या रसायनतज्ज्ञाने हे दाखवून दिले. अशी रसायने जास्त प्रमाणात असलेले पाणी वर्षानुवर्षे पिणे आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. आपल्या मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे.

स्टेम आणि एमआयडीसीकडून शहराला मिळणारे पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यातले. उल्हासमधली जलपर्णी आणि काठच्या शहरांचे सांडपाणी हा जुनाच विषय. त्यात शुद्धीकरणानंतर भाईंदरपर्यंतचा लांब प्रवास, मग सोसायटीच्या टाकीतला मुक्काम. पाणी जितका वेळ थांबते, तितकी ही रसायने वाढत जातात. टाकीच्या तळाशी गाळ असेल तर आणखी भर. गाळ न काढता वरून टीसीएल पावडर टाकणे हा तर उलटा उपाय.

क्लोरीन कमी करणे मात्र महागात पडेल. कावीळ, टायफॉइड, कॉलरा काही दिवसांत किंवा आठवड्यांत गाठतात. जागतिक आरोग्य संघटनाही या रसायनांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका, असेच सांगते. तुरटी आणि गाळणीच्या टप्प्यावरच सेंद्रिय घाण काढली, तर क्लोरीनला क्रिया करायला फारसे काही उरत नाही.

घरी काय कराल? क्लोरोफॉर्म ६१ अंशांच्या आसपास उकळतो. त्यामुळे पाणी झाकण न ठेवता काही मिनिटे उकळले की बराचसा उडून जातो. फिल्टरमधला कार्बनही तो शोषतो, पण कार्ट्रिज वेळेवर बदलले तरच.

आणि हो, पाणी पिवळे होणाऱ्या 'ओटी' चाचणीतून क्लोरीन आहे की नाही, एवढेच कळते. ट्रायहॅलोमिथेनसाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. सोसायटी टाकीचा नमुना प्रयोगशाळेत देणार असेल, तर ही चाचणी नाव घेऊन वेगळी मागा.