रिमोट मुका होतो तेव्हा

पुण्यात वैशाखाचे ऊन रणरणत आहे. बंद मोटारीत तान्हे मूल निजले आहे. आतील हवा भराभर तापत आहे आणि रिमोटची कळ दाबूनही दार उघडत नाही. काय करावे?

रिमोटमधून रेडिओलहरी निघतात. मोटारीने त्या ओळखल्या, की कुलूप उघडते. रिमोटमधील ३ व्होल्टची चपटी बॅटरी क्षीण झाली, तर लहरी दुर्बळ होतात. म्हणून प्रथम दाराशी जाऊन कळ दाबावी. मोटारीची १२ व्होल्टची बॅटरीच उतरली असेल, तर लहरी व्यर्थ होत. मग रिमोटमध्ये बहुधा दडलेली असणारी धातूची किल्ली काढून दाराच्या कुलपात फिरवावी.

तीही न चालल्यास क्षणही न दवडता ११२ क्रमांकावर मदत मागावी. मूल मलूल दिसल्यास मोठ्यांनी त्याच्यापासून दूरची काच फोडावी. मुलांनो, काच पुन्हा बसवता येते. गेलेला प्राण परत येत नाही.