टेबलाच्या दोन बाजू

मंचरहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की घोडेगावनंतर शिनोली येतं आणि पुढे डिंभे धरण. दूध संकलन केंद्राच्या संगणकावर चालणारा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. त्यातही माझ्या वाट्याला येतो तो पडदा: कुठे काय दिसावं, कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं, किती वेळात व्हावं. हे पुण्यात खुर्चीवर बसून ठरत नाही. त्यासाठी शिनोलीच्या केंद्रावर सकाळच्या पाळीला काट्यामागे उभं राहावं लागतं.

एक नोंद कशी होते ते सांगतो. सभासद किटली घेऊन येतो आणि आपला कोड नंबर सांगतो. केंद्रावरचा मुलगा नंबर टाकतो, नाव उमटतं. दूध काट्यावरच्या भांड्यात ओततात, वजन येतं. एका डावात थोडासा नमुना घेऊन फॅट मोजणाऱ्या मशीनखाली धरतात. थोड्या वेळाने फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतात, दरपत्रकातून दर निघतो, रक्कम होते आणि पावती फाडली जाते. तोवर मागचा माणूस पुढे सरकलेला असतो. या सगळ्यात त्या मुलाचा डावा हात दुधाने ओला असतो आणि उजवा फक्त आकड्यांच्या बटणांवर फिरत असतो.

म्हणून या पडद्यावर माऊसला जागा नाही. डग्लस एंगेलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस चालवून दाखवला, तेव्हापासून पडद्याची कल्पना बाणाभोवती वाढत गेली. झेरॉक्सचा आल्टो १९७३ चा, मॅकिंटॉश १९८४ चा, विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ ची. हे सगळे पडदे कोरड्या हाताच्या, बसलेल्या, सवडीने पाहणाऱ्या माणसासाठी होते. शिनोलीत कोड, एंटर, वजन, एंटर, नमुना, एंटर एवढंच चालतं. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाण्याचा क्रम, ज्याला आम्ही टॅब ऑर्डर म्हणतो, तो दूध ओतण्याच्या क्रमाशी जुळला नाही तर बाकीचा सगळा पडदा कितीही देखणा असो, तो वाया.

वाट पाहण्याची गोष्ट मात्र जास्त नाजूक आहे. काटा आणि फॅटचं मशीन सिरियल पोर्टने संगणकाला जोडलेले असतात. मशीन नमुना ओढून घेतं आणि आकडा पाठवायला पाऊण-एक मिनिट लावतं. पूर्वी गर्बर पद्धतीत सल्फ्युरिक आम्ल घालून, नळ्या यंत्रात फिरवून फॅट काढायचे, त्या मानाने हे झटपटच. पण प्रोग्रामच्या दृष्टीने मिनिट फार मोठं असतं. प्रोग्रामच्या विंडोंमागे संदेशांची एक रांग असते. दाबलेलं बटण, सरकलेला बाण, ‘हा भाग पुन्हा रंगव’ असा विंडोजचा निरोप, सगळे त्या रांगेत उभे राहतात आणि एकच धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली कामांची एक ओळ) त्यांना एकेक करून निपटतो. डेअरीच्या रांगेसारखंच आहे हे: काट्यावरचा माणूस मशीनकडे टक लावून बसला तर मागचे सगळे खोळंबतात. प्रोग्रामने पाच सेकंद रांगेकडे पाहिलं नाही की विंडोज त्याला ‘प्रतिसाद देत नाही’ असं ठरवतं आणि विंडो फिकट पडते. मग माणूस जे करतो तेच सगळीकडे करतो, पुन्हा पुन्हा एंटर दाबतो. ते सगळे एंटर रांगेत जमा होतात आणि प्रोग्राम भानावर आला की एकदम सुटतात. एका सभासदाच्या नावावर दोन नोंदी पडण्याचं हे एक कारण.

उपाय जुना आहे आणि पडदे बांधायचं साधन विंडोज फॉर्म्स असो, क्यूट असो की जावाचं स्विंग, सगळीकडे तोच. मशीनची वाट दुसऱ्या धाग्याने पाहायची. आकडा आला की त्याने पडद्याला स्वतः हात लावायचा नाही, रांगेत निरोप ठेवायचा, आणि पडद्याचा धागा तो निरोप वाचून चौकट भरेल. ही शिस्त पाळली की पाऊण मिनिटात पुढच्या सभासदाचा नंबर टाकता येतो, त्याचं दूध काट्यावर घेता येतं.

इथेच खरा धोका सुरू होतो. काट्यावर एकाचं दूध आणि मशीनमध्ये दुसऱ्याचा नमुना. मशीनला कुणाचं नाव ठाऊक नसतं, ते फक्त आकडे पाठवतं. प्रोग्रामने ते चुकीच्या ओळीत टाकले तर म्हशीची फॅट गाईच्या दुधाला लागेल आणि पावती छापून हातातही पडेल. म्हणून मी पडद्याचे वर-खाली दोन ठळक पट्टे केले आहेत, वरचा ‘मशीनवर’, खालचा ‘काट्यावर’, आणि दोन्हींत नाव मोठ्या अक्षरात. नमुना लावताना एंटर दाबला की नाव खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात सरकतं. वरचा पट्टा रिकामा नसेल तर ते सरकतच नाही. ‘तुमची खात्री आहे का?’ अशी खिडकी मी मुद्दाम टाळली. घाईत माणूस ती न वाचता ‘हो’ म्हणतो. चूक करायला जागाच नसावी, हे विचारण्यापेक्षा बरं.

अक्षरांचा विषय आमच्याकडे हलका नाही, आणि त्याचं मूळ प्रोग्राम बनवायच्या साधनांत आहे. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं, १९९५ मध्ये डेल्फी. बटण ओढून फॉर्मवर ठेवायचं, त्यावर दोनदा टिचकी मारायची आणि त्याचं काम लिहायचं. छोट्या कार्यालयांचे, दुकानांचे, डेअऱ्यांचे असंख्य प्रोग्राम या पद्धतीने झाले, कारण एकट्या माणसालाही ते करणं शक्य झालं. त्याचं ऋण मी मानतो. पण त्या फॉर्मवर प्रत्येक चौकट ठरावीक मापाची, आणि ते माप रोमन अक्षराला बेतलेलं. ‘कुऱ्हाडे’, ‘शिर्के’, ‘मुऱ्हे’ अशी आडनावं त्या चौकटीत बसवली की वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. देवनागरीला वर आणि खाली, दोन्हीकडे मोकळीक लागते. म्हणून आता चौकटीला माप देत नाही, अक्षराला किती जागा लागते ते विचारून चौकट बेततो.

जुन्या नोंदी आणखी वेगळ्या. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली, भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ चं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी पुढची कितीतरी वर्षं नावं साठवली गेली ती फॉन्टच्या आकारांच्या रूपात, अक्षरांच्या नाही. फॉन्ट बदलला की नावाचा चिखल. ती नावं युनिकोडमध्ये आणल्यावरही अनुक्रमाचा प्रश्न उरतो. संगणक नुसत्या सांकेतिक क्रमाने लावतो तेव्हा ‘क्षीरसागर’ ‘क’मध्ये जाऊन बसतात. मराठी वहीत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी येतात. दुधाचे पैसे वाटण्याच्या, म्हणजे हप्त्याच्या दिवशी यादीवर बोट फिरवून नाव शोधणारा दूध संस्थेचा सचिव शेवटच्या पानावर पाहतो, तर तिथे नाव नाही. यादी त्याच्या बोटाच्या सवयीने लावायची, एवढं आपण करू शकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. केंद्रावर उभं राहिल्यावर जे आधी दिसतं ते हे की पडदा एका माणसाकडे तोंड करून आहे आणि ज्याचं दूध आहे तो टेबलाच्या पलीकडे उभा आहे. त्याला दिसते ती पडद्याची काळी पाठ. त्याच्या हातात पावती येते तोवर दूध कॅनमध्ये मिसळलेलं असतं. ‘फॅट एवढीच कशी लागली?’ असं विचारलं तरी पुन्हा तपासायला दूध उरत नाही. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर ठरतो. पॉइंट खाली गेला की दर उतरतो. दोन वेळच्या दुधात, दहा दिवसांच्या हप्त्यात ते पैसे जाणवतात.

म्हणून दुसरा, लहान पडदा त्याच्याकडे तोंड करून लावला. तो त्याच प्रोग्रामची दुसरी विंडो आहे, तिच्यावर एकही बटण नाही. वजन, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. तो करताना जेवढा विचार करावा लागला तेवढा मुख्य पडद्यालाही लागला नव्हता. अंक देवनागरी की इंग्रजी? वयस्कर माणसं देवनागरी सहज वाचतात, मशीनच्या पट्टीवर इंग्रजी अंक येतात. इंग्रजी नऊ आणि देवनागरी एक हे घाईत एकमेकांसारखे दिसतात, तेव्हा एका पडद्यावर दोन्ही चालणार नाहीत. पावती देवनागरीत आहे, म्हणून पडदाही देवनागरीत.

फॅट घसरली तर आकडा लाल करायचा का? मी केला नाही. मागे रांग उभी असते. लाल आकडा म्हणजे दुधात पाणी घातल्याचा उघड आरोप. फॅट चाऱ्याने बदलते, ऋतूने बदलते, वेताच्या महिन्यांनी बदलते, शेवटच्या धारा वासराला सोडल्या तरी बदलते. लालऐवजी आजच्या आकड्याखाली कालचा आकडा लहान अक्षरांत येतो. बघणारा स्वतः ताडतो. पशुखाद्याची उचल किती बाकी आहे तेही या पडद्यावर येत नाही. ती हप्त्याच्या पावतीवर, ज्याची त्याला.

आणि दुरुस्ती. वजन चुकीचं पडलं तर केंद्रावरच्या मुलाला ते बदलता आलं पाहिजे. वीज मध्येच जाते, काटा हलतो, कोड एका आकड्याने चुकतो. पण बदललेला आकडा जुन्याच्या जागी गुपचूप बसत नाही. जुनी नोंद डेटाबेसमध्ये राहते, नवी तिच्याखाली जाते, आणि समोरच्या पडद्यावर दोन्ही दिसतात: आधीचं वजन, नवं वजन, फरक. नवी पावती ‘दुरुस्त’ असं छापून निघते. सभासद निघून गेला असेल तर संध्याकाळच्या पाळीला त्याचा कोड टाकताच आधी तीच दुरुस्ती समोर येते, आणि त्याने पाहिल्यानंतरच त्या वेळचं दूध काट्यावर घेता येतं.