आधी टेल, मग हेड

रब्बीचं आवर्तन सुटलं की चारीवर पाण्याआधी यादी पोचते. नाशिक जिल्ह्यातल्या एका पाणीवापर संस्थेची अशी यादी मी पाटकऱ्याच्या वहीत पाहिली. गट नंबर, पीक, क्षेत्र आणि शेवटच्या रकान्यात तास-मिनिटं. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरलेला असेल त्याचंच नाव तिच्यात.

तासांचा हिशेब साधा आहे. चारीत 1 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी असलं, तर तासाभरात एकरभर वावरावर इंचभर पाणी बसतं. तीन इंचांचं भरणं द्यायचं तर एकराला तीन तास. पण खेकड्यांच्या बिळांतून, फुटक्या अस्तरातून पाणी वाटेतच मुरतं, म्हणून पाटकरी चारीच्या तोंडाशी मोजपट्टी बघून आकडा टिपतो आणि मगच दार किती उचलायचं ते ठरवतो.

या संस्थेत पाळी टेलपासून, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकापासून सुरू होते. चारी एकदाच पूर्ण भरते. शेवटच्या शेतकऱ्याचं भरणं झालं की त्याच्या वरचा आपलं दार उघडतो, त्याच्याखाली चारीत उरलेलं पाणी टेलवाल्यालाच मिळतं. हेडपासून, म्हणजे चारीच्या तोंडापासून सुरुवात केली, तर आवर्तन लवकर आटोपलं की कोरडं राहतं ते टेलच. अडचण एकच: डोळ्यांदेखत पाणी पुढे जात असताना हेडवाल्याने हात आवरायचा. म्हणून रात्री चारीवर गस्त असते. पाळी बदलते तेव्हा एक जण फावड्याने दंड बुजवतो, दुसरा मोबाइलमधली वेळ बघून आपला फोडतो आणि पाटकरी दोघांसमोर वहीत वेळ लिहितो.

याच जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्यावर, टेलला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांनी 1990च्या सुमारास संस्था काढून पाण्याचा कारभार हाती घेतला. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने त्यांना उभं केलं. पुढे राज्याच्या 2005च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा आणि आपसांत वाटण्याचा हक्क दिला.

धरणात किती टीएमसी साठा आहे, हे वर्तमानपत्रात रोज छापून येतं. तुमच्या कालव्याच्या सभेला गेलात तर एवढंच विचारा: मागच्या आवर्तनात टेलचं भरणं कोणत्या तारखेला झालं? ती तारीख वहीत नसेल, तर वाटप झालेलं नाही, नुसतं पाणी सोडलं गेलं.