वेबसाईटवर फोटो टाकताय? आधी फॉरमॅट बघा!

समजा, नांदेड-लातूरच्या जुन्या वास्तूंवर तुम्ही एक छोटी वेबसाईट बनवताय. कंधार, औसा, उदगीरचे किल्ले, खरोसा लेणी, होट्टलची मंदिरं असे मिळून 12 फोटो. मोबाईलवर काढलेला एक फोटो 4 एमबीचा धरला, तर पान झालं 48 एमबीचं! गावात नेटला 2 एमबीपीएस स्पीड असेल, तर ते पूर्ण उघडायला 3 मिनिटांच्या वर लागतात. इतका वेळ कोण थांबणार?

कोणत्या चित्राला कोणता फॉरमॅट?

जेपीजी: 1992 पासूनचा, सगळीकडे चालणारा. किल्ला, माणसं, निसर्ग अशा फोटोंसाठी चांगला. पण साइझ कमी करताना तो बारीक तपशील काढून टाकतो.

पीएनजी: नकाशा, स्क्रीनशॉट, मजकूर असलेलं पोस्टर यांच्यासाठी. जेपीजी जास्त दाबली की मराठी अक्षरांच्या मात्रा-अनुस्वारांभोवती धुरकट डाग दिसतात. पीएनजीत तसं होत नाही. फोटोसाठी मात्र ही फाईल फार जड होते.

एसव्हीजी: लोगो आणि आयकॉनसाठी. कितीही झूम करा, फाटत नाही.

वेबपी: गुगलनं 2010 मध्ये आणला. तेवढ्याच क्वालिटीत जेपीजीपेक्षा साधारण पाव ते एक तृतीयांश हलका. आजचे सगळे मोठे ब्राउझर तो दाखवतात.

आयफोनचे एचईआयसी फोटो थेट टाकू नका. क्रोममध्ये ते दिसत नाहीत.

मग करायचं काय?

फोटोची रुंदी आधी 1200 पिक्सेलच्या आसपास आणा. मग 'स्क्वूश' या मोफत साईटवर वेबपी निवडून क्वालिटी 75 ठेवा. एक फोटो 150 केबीवर आला, तर 12 फोटो मिळून 1.8 एमबी. तेच पान आता 7-8 सेकंदांत उघडेल.

फॉर्म भरताना हे विसरू नका

लातूर-नांदेडमध्ये नीटचे फॉर्म भरणारे हजारो जण आहेत. तिथं फोटो आणि सही जेपीजीच लागते, वेबपी चालत नाही. फाईलच्या नावापुढं नुसतं 'जेपीजी' लिहिलं म्हणून फॉरमॅट बदलत नाही. आतला डेटा तोच राहतो. म्हणून फाईल नीट कन्व्हर्ट करा, केबीची मर्यादा त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, आणि हे काम शेवटच्या तारखेवर ढकलू नका.